अख्खा पाईप

घोडा हॉटेलच्या फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना सारख्याच लांबीचे अॅल्युमिनियमचे तुकडे बांधलेले होते, आणि ते बघून हर्षला हातातलं काम टाकून पुढे आली. तिने पाईप मागवले होते दोन. अकरा फुटी, अख्खे, बिनसांध्याचे. घोड्यावर दिसत होते चार.

पुढे गोमा लगाम धरून चालत होता आणि मागून तिचे वडील येत होते. एक पाय किंचित ओढत, पण मान ताठ. माथेरानात त्यांना गजाशेठ म्हणत. इथल्या कितीतरी हॉटेलांच्या सरकत्या खिडक्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि दस्तुरीच्या पुढे गाडी येत नसल्यामुळे त्यांचा सगळा माल नेहमी घोड्यावरूनच वर चढलेला. खाली खालापूरला, जुन्या हायवेच्या कडेला त्यांचा गाळा होता. पाटीवर अजून त्यांचंच नाव होतं. पण मागच्या वर्षी खोपोलीला खिडकी बसवताना ते शिडीवरून पडले, कंबर धरली ती धरलीच, आणि गाळा हळूहळू हर्षलाच्या हातात आला. आता गिऱ्हाईक यायचं, खुर्चीत बसलेल्या गजाशेठला नमस्कार करायचं, तब्येत विचारायचं आणि मापं सांगायला आत हर्षलाकडे जायचं. शहाण्या माणसाला हे समजतं, पण समजलं म्हणून कमी लागतं असं थोडंच आहे.

"बाबा, हे काय?" हर्षलाने विचारलं.

"काय म्हंजे? तुजे पाईप."

"मी अख्खे सांगितले होते."

"अगं, अख्खा पाईप घोड्यावर बसतो कुठं? दोन्हीकडं सारखं वजन पायजे, नायतर खोगीर फिरतं. म्हणून बरोबर मधोमध कापलेत. इचार गोमाला, जरा तरी डुललं का."

"नाय डुललं," गोमा म्हणाला. त्या बिचाऱ्याला वाटलं आपण चांगलंच बोलतोय.

"म्हणून तर डोक्यावरनं आणा म्हटलं होतं. दस्तुरीवर दोन हमालांना मी सांगून ठेवलेलं."

"डोक्यावरनं?" गजाशेठ हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "घोडा येतोच हाय, मंग हमाल कशाला? आन् गजाशेठचा माल डोक्यावरनं चाललाय, हे लोकांनी बघायचं? तू आजची पोर हायस गं. आपला माल आजवर असाच आलाय."

आता खिडकीचा माल असा आला तर काही बिघडत नाही. खिडकीला भिंत असते. चारी बाजूंनी भिंतीने धरलं की चौकटीत चार सांधे असोत की चौदा, कोण विचारतो. पण हर्षलाला बांधायची होती ती चौकट कुणाच्याच आधाराची नव्हती. चार पायांवर उभी राहणार, वरून दोन लांब पाईप आडवे जाणार, आणि त्या पाइपांवर दिवे. आडवा पाईप दोन टोकांना टेकलेला असतो आणि सगळा भार येतो त्याच्या पोटात. शेवग्याची फांदी असो नाहीतर पाईप, मोडायचं झालं की मधेच मोडणार. खोगिराच्या हिशेबाने जी जागा बरोबर, तीच भाराच्या हिशेबाने सगळ्यात वाईट. आणि गजाशेठनी टेप लावून, पेन्सिलीची रेघ मारून नेमकी तीच जागा कापली होती.

सकाळी ती स्कूटरवरून पुढे आली नसती तर हे गाळ्यातच दिसलं असतं. पण तिला आधी येऊन जमिनीची पातळी बघायची होती. सगळा माल आदल्या दिवशी तिने काढून ठेवला होता आणि वडिलांना एवढंच सांगितलं होतं की भाड्याची ईको गाडी आली की टपावर बांधून घ्या. तेवढंच काम ठेवलं होतं त्यांच्यासाठी. ते कमी आहे हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आई, म्हणजे शकू, कालच म्हणाली होती, "त्येंना जरा पुढं ऱ्हाऊ दे गं. नुसतं खुर्चीत बसून माणूस कुजतो."

गजाशेठनी आपल्या हाताने तुकडे उतरवले आणि पिशवीतून दोन लहान पाईप काढले, मोठ्याच्या पोटात घट्ट बसतील असे. "ह्यो आत सारायचा, दोन्हीकडनं रिव्हेट मारायचे. सांधा हाय म्हणून कुणाला दिसणार पण नाय." पोराने शाळेतलं चित्र दाखवावं तसं ते तिच्याकडे बघत होते.

सांधा खरंच सुरेख होता. कंबर गेली तरी हात गेला नव्हता. हर्षलाच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं. तेवढ्यात नवीनशेठ बाहेर आले.

नवीनशेठ म्हणजे हॉटेलचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण टाकीच्या बाबतीत वेडा होता. जेवणाच्या दालनात दोन सागवानी खांबांच्या मधे त्यांनी दहा फूट लांब काचेची टाकी बसवली होती. आत पाणवनस्पतींचं रान, वाळकी लाकडं, आणि त्यातून फिरणारे बोटाएवढे लाल-निळे मासे. ते रान जगायला उन्हासारखे दिवे लागतात, म्हणून वर जाडजूड धातूचे तीन दिवे साखळ्यांनी छताला टांगलेले होते. छत मात्र जुनं, लाकडी. पावसाळ्यात लाकूड मऊ पडलं आणि महिन्याभरापूर्वी एक आकडा उपटला. दिवा खाली आला तो पाण्याच्या वर वीतभर उरला, दुसऱ्या साखळीला तिरपा लोंबकळत. त्या वेळी संध्याचा हात खांद्यापर्यंत पाण्यात होता.

संध्या डोंगराखालच्या वाडीतून कामाला येणारी. माशांना खाणं, काचा पुसणं, झाडं छाटणं हे तिचं काम. त्या दिवसानंतर भीतीने तिला ताप भरला होता. ती परत आली ती नवीनशेठनी शब्द दिला म्हणून, की आता छताचं नावच नको, खालून मजबूत चौकट उभी करून घेतो. हे काम हर्षलाला मिळालं. तिने एकटीने आखलेलं हे पहिलं मोठं काम होतं.

"आला ना माल?" नवीनशेठनी विचारलं. "चार वाजता पाहुणे चहाला येतायत, टाकी उजळलेली हवी. गजाशेठ, तुम्ही स्वतः आलात, बरं झालं. माझा जीव भांड्यात पडला."

गजाशेठचा चेहरा असा फुलला की हर्षलाने मान खाली घातली. तिच्याजवळ सांगायला शब्द होते. पाईप कापलाय, आज काम होणार नाही, उद्या अख्खा आणते. दोन वाक्यं. पण ती बोलायची म्हणजे फुललेला तो चेहरा सगळ्यांसमोर खुडायचा. तिने स्वतःला समजावलं की आतला तुकडा लांब आहे, रिव्हेट भरपूर आहेत, आणि आधी भार टांगून बघितल्याशिवाय आपण दिवा लावणारच नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कुणाला.

काम सुरू झालं. चौकट बाहेर बांधून आत नेता येत नव्हती, खांब आडवे येत होते, म्हणून टाकीभोवतीच उभी करायची होती. काचेवर काही पडू नये म्हणून टाकीवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर हॉटेलच्या दोन गाद्या. मासे भरदिवसा अंधारात गेले. गजाशेठ रिव्हेट मारत होते, खटक्, खटक्, आणि प्रत्येक खटक्याला हर्षला आतल्या आत मोजदाद करत होती की हा किती धरेल. पायांचे नट तिने स्वतः आवळले. कोपऱ्यांत तिरके पट्टे मारले. चौकट धरून हलवली, तर खालपासून वरपर्यंत एकजीव हलली. पायांबद्दल तिला शंका नव्हती. शंका होती ती पोटाबद्दल.

"संध्या, तीन बादल्या आण गं. भरून," ती म्हणाली.

"बादल्या कशाला?" गजाशेठनी विचारलं.

"दिवे टांगायच्या आधी वजन टांगून बघते."

त्यांच्या हातातलं रिव्हेटचं यंत्र थांबलं. गोमा दारात बसून चहा पीत होता, तो चहाकडे बघायला लागला. "माज्या कामाला बादल्या टांगून बघणार? अजून कुणी बघितलं नव्हतं."

"बाबा, माझंच काम आहे ते. माझ्या समाधानासाठी बघते."

हर्षलाने पुढच्या पाइपाच्या दोन टोकांना एक दोरा ताणून बांधला, पाइपाला चिकटून. पाईप वाकला की दोरा वेगळा दिसणार. मग दोन पाइपांमधल्या आडव्या पट्ट्यांना एकेक बादली टांगली. पहिली टांगली, दोरा चिकटलेलाच. दुसरीलाही तसाच. तिसरी, मधली, टांगली तेव्हा दोरा आणि पाईप यांच्यामधे काडीएवढी फट पडली.

ती फटीकडे बघत उभी राहिली. फट वाढेना. बादल्यांमधलं पाणी हलायचं थांबलं. दालनात भटारखान्याच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"धरलं की नाय?" गजाशेठ म्हणाले.

"धरलं," हर्षला म्हणाली. बादल्यांचं वजन दिव्यांपेक्षा जास्त होतं. हिशेबाने सगळं ठीक होतं. तरी तिला त्या काडीएवढ्या फटीवरून नजर काढवेना.

"झालं तर मग," नवीनशेठ आत येत म्हणाले. "बादल्या काढा, गाद्या काढा, दिवे चढवा. घड्याळ बघा जरा."

गाद्या निघाल्या, फळ्या निघाल्या. गजाशेठनी स्वतः मधला दिवा चढवला, मग बाजूचे दोन. नवीनशेठनी बटण दाबलं आणि टाकी अशी झळाळली की गोमासुद्धा कप घेऊन आत आला. मासे एकदम रंगात आले. गजाशेठ कमरेवर हात ठेवून उभे होते आणि हर्षलाला वाटलं, असू दे. उगाच आपण काळजी करतो. बापाचा हात आहे तो.

"संध्या, समोरच्या काचेवर डाग दिसतोय," नवीनशेठ म्हणाले. "चटकन पूस आतून. पाहुणे फोटो काढतात."

संध्याने स्टूल टाकीला लावलं आणि त्यावर चढली. उजवी बाही खांद्यापर्यंत सारली, हातात स्पंज घेतला आणि पाण्यात वाकली. टाकी खोल होती, त्यामुळे बुडाजवळच्या डागापर्यंत पोचायला तिला जवळजवळ आडवंच व्हावं लागलं. तोल जाऊ नये म्हणून तिचा डावा हात आपोआप वर गेला.

हे हर्षलाने सकाळीही बघितलं होतं. असाच उजवा हात पाण्यात, असाच डावा हात वर, तेव्हा छताच्या जुन्या साखळीला धरलेला. बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. तिने दिव्यांचं वजन मोजलं होतं, बादल्या मोजल्या होत्या, आणि रोज तिथे लटकणारं एक अख्खं माणूस मोजायचं विसरली होती. संध्याची बोटं पाइपाच्या मधोमध, सांध्याला लागून टेकली. दोऱ्याशी फट पडली, ती आता काडीची नव्हती.

"संध्या, हात काढ!"

संध्या दचकली. हर्षला तोवर खांबापाशी पोचली होती. तिने खांबावरचा प्लग धरून उपटला. टाकी विझली. संध्या भिजलेला हात छातीशी धरून स्टुलावरून उतरली, काय झालं ते तिला कळेना.

"हा काय प्रकार आहे?" नवीनशेठ म्हणाले.

"सांधा वाकतोय. ती रोज इथेच भार देणार. एवढा भार त्याला झेपणार नाही."

"आत्ता तर तीन बादल्या झेपल्या."

"बादली टांगून सोडली की स्थिर राहते. माणूस हलतो, शेठ."

गजाशेठचा चेहरा उतरून काळाठिक्कर पडला होता, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हर्षलाने त्या क्षणी समोर बघितलं. ते पाय ओढत टाकीपाशी आले. "सक्काळपासनं बघतोय. सांधा, सांधा, सांधा. बापाच्या हातावर इश्वास नाय, तर तसं बोल." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते स्टुलावर चढले.

"बाबा, खाली उतरा."

"बघा शेठ, तुमीच बघा." त्यांनी दोन्ही हातांनी पाईप धरला, बरोबर सांध्यावर, आणि अंग सोडलं.

टक् असा आवाज झाला. फार मोठा नाही, सुपारी फोडल्यावर होतो तेवढा. मग आणखी एक. रिव्हेट सुटून समोरच्या भिंतीवर आपटला, पाईप मधे कोपरासारखा मोडला आणि मधला दिवा एका बाजूने सुटून थेट पाण्यात गेला. स्टूल कलंडलं. गोमाने हातातला कप टाकून गजाशेठना कमरेत मिठी घातली आणि दोघे मागे फरशीवर बसले. हर्षलाने खांदा घालून तुटका पाईप वरच धरला होता, नाहीतर बाकीचे दोन दिवेही काच घेऊन खाली आले असते.

पाण्यात दिवा बुडबुडे सोडत तळाला टेकला आणि मासे एका कोपऱ्यात गोळा झाले. संध्या पाण्याकडे बघत होती, मग आपल्या ओल्या हाताकडे, मग हर्षलाच्या मुठीकडे. हर्षलाने प्लग अजून सोडलेला नव्हता.

"बाबा, लागलं का?"

गजाशेठनी नाही म्हणून मान हलवली. ते उठले, पण कुणाकडे बघेनात.

नवीनशेठनी आणि गोमाने मिळून चौकट टेकवली, दिवे उतरवले. मग नवीनशेठ तुटका सांधा हातात घेऊन वळले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "तुम्ही मला अख्खा पाईप सांगितला होता. मजबूत, बिनसांध्याचा, हेच शब्द होते. हा कापला कोणी?"

गोमाने तोंड उघडलं. हर्षलाने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने ते मिटलं.

"मी," ती म्हणाली. "घोड्यावर नीट बसावा म्हणून मीच कापला. माझी चूक झाली."

तिने वडिलांकडे बघायचं टाळलं. पण कान त्यांच्याकडेच होते. ते आता बोलतील, आता बोलतील, असं तिला वाटत होतं.

"शाब्बास," नवीनशेठ म्हणाले. "त्या मुलीचा हात होता पाण्यात, कळतंय ना? मी गजाशेठच्या नावावर काम दिलं होतं. पोरींवर सोडायची कामं नाहीत ही. गजाशेठ, उद्या तुम्ही स्वतः उभं राहून करून देणार असाल तर सांगा. नाहीतर मी कर्जतचा दुसरा माणूस बघतो."

गजाशेठनी घसा साफ केला. ते फरशीकडे बघत म्हणाले, "बरं."

नुसतं बरं. हर्षलाला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. खोटं ती स्वतःच बोलली होती, कुणी सांगितलं नव्हतं. पण ते त्यांनी एवढं सहज घेतलं, पिशवीत घालावं तसं, याचं तिला इतकं लागलं की तिने हत्यारं गोळा करताना एकदाही मान वर केली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते त्या दिवशी तिला कळलं.

दस्तुरीपर्यंत ती पुढे आणि ते बरेच मागे, असे दोघं चालले. ती स्कूटरवरून घाट उतरली, ते ईकोतून. घरी शकूने ताटं वाढली, दोघांची तोंडं बघितली आणि पाण्याचे तांबे पुढे सरकवले. हर्षला जेवली आणि उठली. गजाशेठनी भाकरी कुस्करली, पण तोंडात घातली नाही. शेवटी हर्षलाच म्हणाली, "उद्या मी येत नाही. शेठनी तुम्हाला सांगितलंय." रागाने म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला रडू आलं, म्हणून ती गाळ्याकडे निघून गेली.

सकाळी ती गाळा उघडायला आली तर गाळा उघडाच होता. ईको दारात उभी होती. टपावर दोन अख्खे पाईप, टोकांना फडकी गुंडाळून, व्यवस्थित बांधलेले. गजाशेठ पुढच्या सीटवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर तिची हत्यारांची पेटी होती.

"बस," ते म्हणाले.

"मी येत नाही म्हटलं होतं."

"बस गं."

त्या आवाजात हुकूम नव्हता, म्हणून ती बसली. कर्जत गेलं, नेरळ गेलं, घाट चढून गाडी दस्तुरीला आली तरी त्यांनी मांडीवरची पेटी सोडली नव्हती. गोमा घोडा घेऊन उभा होता. पेटी, नट, पट्टे घोड्यावर चढले. हर्षला हमालांना हाक मारायला वळली तर गजाशेठ म्हणाले, "थांब." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, पिळून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. मग एक पाईप उचलून बरोबर मधोमध तोलून चुंबळीवर घेतला.

"बाबा, तुमची कंबर."

"हलका हाय. तू दुसरा घे."

तिने ओढणीची चुंबळ केली आणि दुसरा पाईप घेतला. तांबड्या मातीच्या वाटेवरून ते निघाले. पुढे घोडा, मग गजाशेठ, मागे ती. लांब पाईप डोक्यावर असला की नुसती मान वळवून चालत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं, त्यामुळे गजाशेठ प्रत्येक वळणावर थांबून, बैलगाडी वळावी तसे वळत होते. घोडेवाले बाजूला होत होते. सगळे ओळखीचे. ज्या माणसाने जन्मभर पुढे घोडा आणि मागे रिकामे हात अशी ही वाट तुडवली, त्याला डोक्यावर माल घेतलेला बघून लोक थबकत होते.

चहाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलंच, "काय गजाशेठ, आज डोक्यावरनं?"

हर्षलाचे हात पाइपावर घट्ट झाले. ते हसून काहीतरी उडवून लावतील असं तिला वाटलं.

गजाशेठ थांबले. हळूहळू अख्खे वळले. "हां," ते म्हणाले. "काल घोड्यावरनं नेला. मी कापला मधोमध, आन् मोडला. पोरीनं अख्खाच सांगितला होता."

टपरीवाला मान हलवत राहिला. गजाशेठ पुढे निघाले. पुढच्या वळणावर एका हॉटेलचा मॅनेजर भेटला, त्यालाही हेच. मग हातरिक्षावाले भेटले. त्यांनी तर काही विचारलंसुद्धा नव्हतं, तरी गजाशेठ थांबले, वळले आणि म्हणाले, "पोरीनं अख्खा सांगितला होता. मी कापला."

"बाबा, पुरे आता," हर्षला मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात वर असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं.

"पुरे कसं?" ते मागे न बघता म्हणाले. "काल एकदा बोलायचं होतं ते ऱ्हायलं. आता धा वेळा बोलाया लागतंय."

नवीनशेठ फाटकातच उभे होते. गजाशेठनी त्यांच्यासमोर पाईप उतरवला, घाम पुसला आणि तेच वाक्य तिथेही बोलले. शिवाय एक जास्तीचं, "काम हीच करणार. मी हाताखाली हाय." नवीनशेठनी दोघांकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि शहाणा माणूस असल्यामुळे आत जाऊन गाद्या काढायला सांगितल्या.

टाकीवर फळ्या पडल्या, गाद्या पडल्या. संध्या कुणी न सांगता बादल्या भरायला गेली. "बादल्यांनी भागायचं नाही आज," हर्षलाने तिला हाक मारून सांगितलं. "शेवटी मीच लोंबकळून बघणार आहे. मगच तू हात लावायचा." मग ती स्टुलावर चढली आणि चौकटीच्या पायाच्या वरच्या टोकावर खूण केली. गजाशेठनी अख्खा पाईप खांद्यावर उचलून धरला होता. कमरेत कळ येत असणार, चेहऱ्यावर दिसत होतं, पण पाईप हलत नव्हता. ते वर तिच्याकडे बघत होते. जन्मभरात त्यांनी तिला जे कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"सांग गं," ते म्हणाले, "कुठं धरू?"